वाचकांचे प्रश्न : लेक सुपीरियरच्या काठी उन्हाळा

प्रश्न : आम्ही पतिपत्नी निवृत्त असून जुळे सोलापूर भागात राहतो. आमचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील डुलुथ या गावी, लेक सुपीरियरच्या काठावर राहतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्याच्याकडे राहण्याचा आमचा बेत आहे. मला रोज पोहण्याची सवय आहे. पत्नीला पक्षिनिरीक्षणाची आवड आहे, मात्र तिचे गुडघे दुखतात. तेथे घराबाहेर काय काय करता येईल?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या पोहण्याच्या सवयीपासूनच सुरुवात करणे भाग आहे, कारण या सरोवराच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज तेथेच होतो. लेक सुपीरियरचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाहून थोडे अधिक आहे आणि त्याची कमाल खोली ४०६ मीटर आहे. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. हिवाळ्यात त्याहूनही थंड झालेले वरचे पाणी वसंतात तापू लागले की जड होऊन खाली जाते व खालचे थंड पाणी वर येते, आणि एवढ्या खोल सरोवरात ही उलथापालथ पुरी होईपर्यंत जून जवळपास संपलेला असतो. त्यामुळे बाहेर स्वच्छ ऊन असले, तरी जूनमध्ये पाण्यात उतरणे धोक्याचे ठरते. अशा पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा पहिला मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही आणि त्यानंतर साधारण दहा मिनिटांतच हातपाय कामातून जातात; पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नसतो.

ऑगस्टमध्ये, डुलुथच्या पार्क पॉइंट या लांबलचक वाळूच्या पट्ट्यावर, वारा मंद असताना पोहता येते. तेथेही लाटा उसळत असतील तर काठावरून आत खेचणारे प्रवाह तयार होतात, म्हणून किनाऱ्यावरील इशाऱ्याचे झेंडे पाहिल्याशिवाय पाण्यात उतरू नये. नियमित पोहायचे असेल तर मुलाला सुटीच्या दिवशी काठापासून दूर, आतल्या बाजूच्या एखाद्या लहान तळ्यावर नेण्यास सांगावे. ती तळी उथळ असल्यामुळे पुष्कळ लवकर तापतात. कयाक चालवण्याची हौस असल्यास तीही तेथेच भागवावी. मोठ्या सरोवरात जायचेच असेल, तर जाणता वाटाड्या, अंगाला घट्ट बसणारा थंडीरोधक पोशाख आणि लाइफ जॅकेट या तिन्ही गोष्टी असल्याखेरीज जाऊ नये.

दिवसाचा बेत तेथे वाऱ्याची दिशा पाहून ठरवावा, असे आमचे मत आहे. वारा सरोवरावरून येत असेल तर टेकडीपलीकडे कडक ऊन असतानाही काठावर धुके आणि स्वेटर घालण्याजोगा गारवा असतो. अशा दिवशी आतल्या बाजूच्या रानवाटा बऱ्या. वारा जमिनीकडून असेल तर काठ गाठावा. डुलुथमधील लेकवॉक ही काठाकाठाने जाणारी, बहुतांशी सपाट आणि पक्की वाट दहा किलोमीटरहून अधिक लांब असून हवे तेथून परत फिरता येत असल्याने आपल्या पत्नीसही ती सोयीची पडेल. गावातील बंदराच्या कालव्यावरचा उचलपूल १९०५ साली बांधला गेला व पुढे त्याला आजचे स्वरूप मिळाले. लोहखनिज नेणारी, तीनशे मीटरपर्यंत लांबीची जहाजे त्याखालून अगदी हाताच्या अंतरावर जाताना पाहण्यात एक अख्खी संध्याकाळ मजेत जाते, आणि जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळत असल्याने तेथे संध्याकाळही मोठी असते.

ईशान्येस महामार्ग ६१ ने सुमारे ६५ किलोमीटरवर गूजबेरी धबधबे आहेत. तेथील अभ्यागत केंद्रापासून धबधब्यांपर्यंतची वाट छोटी आणि पक्की आहे. पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसते, ते घाणीमुळे नव्हे. दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींचा रंग त्यात उतरलेला असतो. त्यापुढे कड्यावर स्प्लिट रॉक दीपगृह आहे. १९०५ च्या नोव्हेंबरमधील वादळात अनेक जहाजांची हानी झाल्यानंतर ते उभारले गेले आणि १९१० ते १९६९ या काळात त्याने काम केले. त्याहून पुढचे, पायऱ्या व चढ असलेले धबधबे आपण मुलाबरोबर पाहावेत. पत्नीच्या गुडघ्यांवर तो ताण टाकू नये.

त्यांच्यासाठी खरी मेजवानी सप्टेंबरच्या मध्याला आहे. दक्षिणेकडे स्थलांतर करणारे शिकारी पक्षी एवढे विस्तीर्ण पाणी ओलांडण्याचे टाळतात, कारण उंची गाठण्यासाठी त्यांना लागणारे उष्ण हवेचे झोत थंड पाण्यावर तयार होत नाहीत. मग ते काठाकाठाने नैर्ऋत्येकडे सरकत डुलुथवर एकवटतात. हॉक रिज या टेकडीवर रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले तरी अनुकूल वाऱ्याच्या दिवशी ते हजारोंच्या संख्येने दिसू शकतात. नान्नजच्या माळरानावर एका माळढोकासाठी दिवसभर दुर्बीण रोखून बसणाऱ्यास हे सुख निराळे सांगायला नको.

जून-जुलैत रानात डास व चावऱ्या माश्या फार असतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घालावेत आणि परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे तपासावे. तेथील काही गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो. सोळा वर्षांवरील व्यक्तीस मासेमारीसाठी परवाना लागतो.

प्रश्न : त्याच सरोवराच्या काठी सापडणारे अकीकाचे तांबूस खडे आणता येतात का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : राज्य उद्यानांच्या हद्दीतून खडा उचलण्यास मनाई आहे, इतर सार्वजनिक किनाऱ्यांवर तेथील फलक वाचून ठरवावे. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील वायूच्या पोकळ्यांत हे खडे तयार झाले, त्यांची तांबूस छटा लोहामुळे आहे आणि पुढे हिमनद्यांनी ते दूरवर पसरवले. जोराच्या लाटा ओसरल्यावर, सूर्य खाली असताना, ओल्या खड्यांत शोधल्यास ते लवकर नजरेस पडतात, कारण प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांतही अकीक असाच तयार होतो, हे जाता जाता सांगायला हवे. त्याचे वय मात्र त्यामानाने फारच कमी, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे.