वरातीत नागीणच का?

प्रश्न : मुलीच्या लग्नात डीजेने वीस वर्षांपूर्वीची रिमिक्स लावली, तर पोरं ढिम्म. ‘नागिन’ लागल्याबरोबर मामासकट सगळे रस्त्यावर लोळले! असं का? – एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, मी तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली, तेव्हा मामा लोळण्यात थोडा माझाही दोष. ‘नागिन’ हा सिनेमा १९५४चा, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली बीन खरी बीन नव्हेच. कल्याणजींनी (पुढे कल्याणजी-आनंदजी या संगीतकार जोडीतले) क्लेव्हायोलिन या विजेच्या वाद्यावर ती वाजवली होती. पण धून अशी, की चार सुरांत डोलते आणि कुठूनही पुन्हा धरता येते. वरात चौकात अडली की आम्ही तीच फिरवत राहायचो, ढोलवाला लय चढवायचा. शिवाय नाच शिकावा लागत नाही. रुमाल दातांत धरला की झालात गारुडी.

रिमिक्सचा जोर मशीनच्या ठोक्यात. एकदा फर्माईश आली म्हणून एकाची सरगम लिहायला बसलो, दीड ओळीत वही मिटली. मशीनला माझा विरोध नाही हं. ‘कुर्बानी’तलं (१९८०) नाझिया हसनचं गाणं पक्कं डिस्को, तरी क्लॅरिनेटवर दोन सूर काढले की बायका टाळ्या धरायच्या.