सातव्या वर्षी गादी ओली होते म्हणून घाबरलात?

अगं, आधी एक कर, सकाळी सकाळी लेकावर ओरडणं बंद कर. मुद्दाम नाही करत गं तो, झोपच इतकी गाढ असते की ब्लॅडर, म्हणजे लघवीची पिशवी, भरलंय हा निरोपच मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि काही मुलांमध्ये रात्री लघवी कमी करणारं हार्मोन अजून पुरेसं तयार होत नसतं. सासूबाईंना हळूच विचार, नवरा लहानपणी कितव्या वर्षापर्यंत गादी भिजवायचा. आमच्याकडे हे विचारलं आणि ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला 😄 आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला असायची शक्यता बरीच वाढते.

दुसरं म्हणजे पोट. हे कुणी सांगतच नाही. माझ्या लेकीला तीन-तीन दिवस शी व्हायची नाही, भरलेलं आतडं ब्लॅडरवर दाबतं, डॉक्टरांनी आधी बद्धकोष्ठाचंच औषध दिलं आणि महिनाभरात ओल्या रात्री निम्म्यावर आल्या. शाळेतलं टॉयलेट घाण म्हणून दिवसभर दाबून धरतो का तेही विचार, आणि मग घरी येऊन संध्याकाळी दोन बाटल्या पाणी पितात ही पोरं! पाणी तोडू नकोस, फक्त दिवसा जास्त दे. झोपायच्या आधी सू, गादीवर रबरी शीट, बस.

पण सहा महिने कोरडा राहून परत सुरू झालं असेल, लघवीला जळजळ किंवा सारखी तहान असेल तर लगेच लघवी आणि शुगर तपासून घे, तिथे थांबू नकोस.