‘विचारलं असतंस, तर मीच दिली असती’

‘आई हल्ली गप्पगप्प असतात. जेवण दोन घासांवर आलंय. टीव्ही लावून दिला तरी बघत नाहीत. सगळे म्हणतात, वय झालं की असं होतंच. खरं का?’ अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंना घेऊन आलेल्या सुनेचा हा प्रश्न. हाच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे सतत येतो, म्हणून ही हकीकत लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी सरळ उत्तर: नाही. वयानं माणूस मंदावतं. पण अन्नावरची वासना उडणं, झोप मोडणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर म्हातारपणाच्या नावावर सोडून देऊ नका. थायरॉइड, बी-१२, कान, डोळे तपासून घ्या. ‘जगणं नको झालंय’ असं तोंडून निघालं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही मराठीत बोलता येतं.

आजींचे रिपोर्ट ठीक होते. हातांना कंप होता, एवढंच. पहिल्या दोन भेटींत ‘चाललंय की’ यापलीकडे त्या गेल्या नाहीत. सून बोलता बोलता म्हणाली, ‘जन्मभर गोधड्या शिवत आल्या.’ मी म्हटलं, पुढच्या वेळी एक घेऊन या.

ती गोधडी त्यांनी माझ्या टेबलावर नाही, जमिनीवर पसरली. स्वतःही खाली बसल्या, मग मीही. बोट एकेका ठिगळावर जाऊ लागलं. हे सासूबाईंचं इरकली. हे यांचं धोतर. ही थोरल्याची शाळेची खाकी चड्डी. आत कुठेतरी नणंदेच्या बाळंतपणातलं दुपटंही होतं. टाके इतके सारखे, की वरून हात फिरवला तर पावसाचं पाणी वाळूवरून ओसरून गेल्यासारखं लागत होतं. काठापासून सुरू करून धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचं, हे त्यांनी मला बोटानं फिरवून दाखवलं.

मग बोलण्यात किल्लारीचा भूकंप आला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, विसर्जन करून झोपलेली गावं. सोलापुरात त्यांच्या महिला मंडळानं घरोघर फिरून लुगडी मागितली आणि देवळाच्या ओवरीत बसून गोधड्या शिवल्या. ‘वर पाऊस, घरं पडलेली. पांघरूण तरी नको का?’ पुढे कितीतरी वर्षं त्या सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींसाठी मऊ सुती दुपटी शिवून, उन्हात वाळवून पोचवत होत्या. हे सगळं सुनेला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वीस वर्षं एका घरात राहून.

रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ मध्ये मांडलं होतं की, उतारवयात मागचं आठवत बसणं ही निरर्थक बडबड नसते, आयुष्याचा हिशेब लावण्याचं ते काम असतं. मला ते पुस्तकातून माहीत होतं. त्या दुपारी मी ते पाहिलं.

खरी गोष्ट चौथ्या भेटीत निघाली. आजींची ट्रंक सुनेनं रिकामी केली होती. हात कापतात, सुई टोचते, आता आराम करू दे, या मायेनंच. जुनी लुगडी बोहारणीला गेली आणि त्या बदल्यात स्टीलचा मोठा डबा आला. त्या डब्याचं झाकण आजींनी एकदाही उघडलं नव्हतं. सून रडायलाच लागली, ‘मला वाटलं, तुमचं ओझं कमी होईल.’ आजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. ‘अगं, विचारलं असतंस, तर मीच दिली असती.’

लुगड्यांचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख, घरात आपल्याला आता कुणी काही विचारत नाही, याचं. जिनं आयुष्यभर दुसऱ्याला काय हवं ते ओळखून दिलं, तिला ‘तुम्ही बसा’ हे शब्द शिक्षेसारखे लागतात. माया खरी असली तरी लागतात.

मी काही मोठे उपाय सांगितले नाहीत. भाजी कुठली, पाहुण्यांना काय द्यायचं, हे त्यांना विचारा, आणि उत्तर आलं की तसंच करा. सकाळी दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवा. कापडांची मांडणी त्यांच्याकडे, टाके वाटून. शेजारच्या दोघीजणी दुपारी येऊ लागल्या. औषधही काही महिने चाललं, ते डॉक्टरांनी ठरवलं. एकट्या गोधडीनं सगळं झालं असं मी म्हणणार नाही.

परवा सुनेचा फोन आला. जेवण सुधारलंय. नव्या गोधडीत तिच्या स्वतःच्या दोन सुती साड्या आहेत, आजींनी मागून घेतलेल्या. काठ शेजारणींनी घातले, पुढचे फेरे सुनेनं. मधला हातभर तुकडा राहिलाय. तिथं आजी कुणाला सुई लावू देत नाहीत. रोज दोन-तीन टाके, वाकडे पडले तर उसवून पुन्हा.