‘कौटुंबिक वादातून’, ‘किरकोळ कारणावरून’

इचलकरंजीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: बातमीत ‘कौटुंबिक वादातून पत्नीला मारहाण’ असं छापतात. मग ‘कौटुंबिक वाद’ आणि ‘कौटुंबिक हिंसाचार’ एकच का? आणि ‘कौटुंबिक’ म्हटल्यावर त्यात नवऱ्याने खाल्लेला मारही यायला नको का?

एकच नाहीत. वाद बांधाचा असतो, वाटणीचा असतो, पाण्याच्या पाळीचा असतो. दोघं आपापलं म्हणणं मांडतात म्हणून तो वाद. एक मारतोय आणि दुसरी खातेय, त्याला मारहाण म्हणायचं. तिथं ‘वाद’ लिहिलं की निम्मा दोष आपसूक बाईच्या पदरात पडतो. ‘भांड्याला भांडं लागणारच’ म्हणणारी शेजारीण तेच करत असते, फक्त जरा मायेनं.

मला मात्र वादापेक्षा ‘किरकोळ कारणावरून’ जास्त खटकतं. भाजीत मीठ जास्त झाल्याच्या कारणावरून, माहेरी फोन केल्याच्या कारणावरून, चारित्र्याच्या संशयाच्या कारणावरून. ही घडण फिर्यादीतली आहे. ‘या कारणावरून शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली’ हे पोलीस ठाण्याचं ठरीव वाक्य. बातमीदार ते उचलतो आणि वर ‘किरकोळ’ लावतो. आता कारण म्हणजे काय? ते गेलं की कार्य थांबायला हवं. इथं मीठ बेताचं पडलं तर भाकरी करपलेली निघते, भाकरी फुगली तर रस्सा पातळ असतो. याला आपल्या भाषेत ‘निमित्त’ म्हणतात. ‘मिठाचं निमित्त करून मारलं’ असं लिहून बघा. मारणाऱ्याची कैफियत छापण्याचं काम एका शब्दानं थांबतं. दारूही त्यातलीच. ती प्यायल्यावर मार वाढतो हे खरं, पण तोच माणूस तालमीसमोरून जाताना चार पोरांना नमस्कार घालत जातो, आणि हात उठतो तो घराचा उंबरा ओलांडल्यावर. एवढी शुद्ध असते त्याला.

‘हिंसाचार’ हा शब्द या बाबतीत नेमका बसलाय. हिंसा अधिक आचार. आचार म्हणजे वागण्याची रीत, एकदा घडलेला प्रसंग नव्हे. 2005 च्या कायद्याचं मराठी नावही ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण’ असंच आहे आणि त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार येतात. पगार हातात आल्या आल्या काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं हेसुद्धा त्यात आलं. अडचण अशी की वर्तमानपत्रानं हा शब्द दगडफेक आणि जाळपोळीला वाहून टाकलाय. त्यामुळं शिरोळ-कागलकडची बाई ‘हिंसाचार’ कधीच म्हणणार नाही. ती म्हणेल, “मारत न्हाई ओ, पन सुखानं नांदवत बी न्हाई.” आपल्या भागात त्याला ‘जाच’, ‘जाचहाट’ म्हणतात. कायद्याचा शब्द तिला परका वाटतो म्हणून तिची तक्रार हलकी ठरत नाही. शाहू महाराजांनी 1919 साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. म्हणजे ‘हा घरातला मामला’ हे उत्तर इथल्या दरबारानं तेव्हाच नाकारलं होतं.

आता नवऱ्यांचं. ‘कौटुंबिक’ हे विशेषण कुणालाच वगळत नाही, कायदा वगळतो. 2005 च्या कायद्याखाली दाद मागता येते ती फक्त स्त्रीला. समोरचा पक्ष मात्र पुरुषच हवा असं आता नाही; त्या व्याख्येतले ‘सज्ञान पुरुष’ हे शब्द सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये काढून टाकले. तेव्हा ‘बाईनं बाईविरुद्ध कशी तक्रार करायची’ हा कट्ट्यावरचा प्रश्न निकालात निघालाय. मार खाणाऱ्या नवऱ्याला दुखापतीची साधी कलमं आहेतच, आणि हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेच्या आधारे घटस्फोट नवरा-बायको दोघांनाही मागता येतो. भाषेत मात्र त्याची पंचाईत आहे. त्याच्या वाट्याला बाईलबुद्ध्या, बैलोबा, ताटाखालचं मांजर. गंभीरपणे उच्चारावा असा एकही शब्द नाही. हे शब्द घडवले कुणी, याचा शोध पुरुषांनी बायकांच्या कायद्यात घेऊ नये. तालमीच्या कट्ट्यावर घ्यावा, लवकर सापडेल.

पत्राच्या शेवटी ‘हल्ली सगळ्या केसा खोट्याच’ असंही त्यांनी लिहिलंय. खोट्या तक्रारी होत नाहीत असं कुणी म्हणू नये. पण ‘शाबीत झालं नाही’ आणि ‘खोटं होतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. संशयाचा फायदा मिळून सुटणं म्हणजे फिर्यादी खोटारडी ठरणं नव्हे. ‘चारशे अठ्ठ्याण्णव टाकली की सगळं घर आत’ (म्हणजे दंड संहितेचं कलम 498-अ, नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी विवाहितेला क्रूरपणे वागवण्याबद्दलचं) हेही जुनं झालं: सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्येच बजावलंय, आणि जुलै 2024 पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत 85 झालंय. बोलण्यातून चारशे अठ्ठ्याण्णव इतक्यात जाईल असं वाटत नाही. ‘चारसोबीस’ तरी कुठं गेलंय.