कडी लाव

"ताई, बाळ अकरा आठवड्यांचं आहे. सव्वा महिना माहेरी काढून डोंबिवलीला आले. सासूबाईंचं दिवसभर चालू असतं, 'आमच्या वेळी असले लाड नव्हते.' पाणी तेवढं काढून ठेवतात. नवरा चांगला आहे, पण त्याला बाळ नीट धरता येत नाही, मग मीच घेते. आंघोळसुद्धा दार नुसतं लोटून करते. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. संध्याकाळ झाली की रडू येतं. रजेवर आहे, घरीच आहे, तरी जमत नाही. मी आई म्हणून कमी पडतेय का?"

अगं, तुझं पत्र मुळात चार पानी. त्यातली दीड पानं सासूबाईंनी खाल्ली, त्यातल्या दोनच ओळी वर ठेवल्यात. त्यांच्या बोलण्याचं नंतर बघू, त्याला अजून बरीच वर्षं आहेत. मी अडकले ती दारापाशी.

घरात दोन धडधाकट माणसं असताना तू दार लोटून आंघोळ का करतेस? बाळ रडलं तर ऐकू यावं म्हणून. आणि ऐकू आलं की साबण तसाच अंगावर ठेवून बाहेर येत असशील. हात तांब्यावर, कान पाळण्याशी. तेच कान घेऊन रात्री दोनला आडवी होतेस. बाळ गाढ झोपलेलं असतं आणि तू त्याचा श्वास ऐकत पडतेस. झोप येणार कुठून?

कमी पडतेय का म्हणून विचारतेस. कमी नाही गं, भलतीच जास्त होतेयस. इतकी, की त्या बाळाजवळ दुसऱ्या कुणाला पाय ठेवायला जागा नाही. नवऱ्याला धरता येत नाही म्हणे! चार मिनिटांत तू काढून घेतल्यावर येणार कसं? तुला तरी पहिल्या दिवशी कुठे येत होतं? आणि त्याचंही कौतुक नको. बाळ हातातून गेलं की मोबाईल हातात येतो, हे त्याच्या सोयीचंच आहे. सासूबाई टोमणे मारतात खऱ्या, पण रोज बादली भरून ठेवतात ना? मग हातातलं सोडून बाळाजवळ बसतीलही. तू कधी तसं सांगून पाहिलंयस?

उद्या सकाळी एवढंच कर. बाळाला पोटभर पाज, ढेकर काढ आणि नवऱ्याच्या हातात दे. त्याचा एक हात मानेखाली, दुसरा बुडाखाली. सूचना एवढीच, अकरावी सूचना द्यायला थांबू नकोस. आत जा आणि कडी लाव. केस धू. पुरता अर्धा तास. बाळ रडेल. बापाच्या खांद्यावर रडलेल्या बाळाला काही होत नाही. तो फेऱ्या मारेल, चुकीचं गाणं म्हणेल, लंगोट उलटा बांधेल. कडी काढायची नाही. परवा पुन्हा. आठवडाभर रोज.

रजेचं म्हणशील, तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात, आणि त्यात तुझं अंग भरून यायचे दिवसही धरलेत. घरातल्या सगळ्या कामांचा मक्ता म्हणून ती कुणी दिलेली नाही.

आता तुझं रडणं. बाळंतपणानंतर दहा-पंधरा दिवस डोळे भरून येतात, ते बहुतेकींना होतं आणि आपोआप ओसरतं. अकराव्या आठवड्यातही रोज संध्याकाळी रडू येतंय, बाळ झोपूनही तुला झोप नाही, हे त्यातलं नव्हे. बाळाचे सहा आणि दहा आठवड्यांचे डोस तू न चुकता दिलेस म्हणून लिहिलंयस. तुझं हिमोग्लोबिन शेवटचं कधी पाहिलं? थायरॉइड? लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात, त्या माहेरीच राहिल्या असतील. याच आठवड्यात तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि रडण्याचं, झोपेचं आधी सांग, टाक्यांचं नंतर. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी असते, ती घ्या म्हण. गरज पडली तर बाळ अंगावर पीत असतानाही चालणारी औषधं आहेत. मध्येच कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार मनात आला, तर त्याच घटकेला नवऱ्याला उठव आणि दवाखाना गाठ. त्यात लाजायचं काही नाही.

आईलाही फोनवर "सगळं छान" म्हणून सांगतेस, असं तिसऱ्या पानावर आहे. ते थांबव. पण आधी दार.

इतके दिवस वापरात नाही, तर कडी घट्ट बसली असेल. बाळाच्या मालिशच्या वाटीतले दोन थेंब तिला लाव.