'बुसगुइ' म्हणजे कमरबंद नसलेली?

प्रश्न असा: मंगोलियन भाषेत बाईला 'बुसगुइ' म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ 'कमरबंद नसलेली' असा आहे, हे खरं का? आणि तिथल्या पवित्र डोंगरांच्या माथ्यावर बायकांना जाऊ देत नाहीत, त्याचं मूळ या शब्दात आहे का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, माझ्या मते, नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच आळीत राहतात एवढं खरं.

'बुस' म्हणजे कमरबंद. आपल्या पट्ट्यासारखा नव्हे. 'देल' नावाच्या लांब अंगरख्यावरून कमरेला वेढे घालून बांधायचं भलंमोठं लांब कापड, फेटाच जणू कमरेला. '-तेइ' म्हणजे असलेला, '-गुइ' म्हणजे नसलेला. 'बुसतेइ' पुरुष, 'बुसगुइ' बाई. खाल्खा मंगोलांत लग्न झालेल्या बाईचा देल पूर्वी कमरबंदाशिवाय असे, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. आज बायकाही सर्रास कमरबंद बांधतात आणि शब्द चांगला आदबशीर आहे. ऐकणाऱ्याला त्यात उणेपणा जाणवत नाही. आपला 'अबला' त्याच घडणीचा, पण त्यातला 'अ' अजून टोचतो.

कमरबंदाला एवढं महत्त्व का, ते तेराव्या शतकातल्या 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात दिसतं. मर्किट या शत्रू टोळीचे लोक पाठीवर आले तेव्हा तेमुजिन (पुढचा चंगीझ खान) बुर्खान खाल्दुन डोंगरावर लपून वाचला. खाली उतरल्यावर त्याने कमरबंद सोडून गळ्यात अडकवला, टोपी हातात घेतली, सूर्याकडे तोंड करून छाती बडवली आणि नऊ वेळा गुडघे टेकले. या डोंगराची पूजा मी करीन, माझी मुलंनातवंडं करतील, असा शब्द दिला. कमरबंद आणि टोपी म्हणजे माणसाचा स्वतःवरचा अधिकार. तो उतरवायचा म्हणजे 'माझ्यावर तू' असं कबूल करायचं. आता गंमत बघा, उतरवून ठेवायला आधी तो कमरेला असावा लागतो.

इथेच मोह होतो की बाईला कमरबंद नाही, म्हणून डोंगरही नाही. पण असा सरळ धागा मला दिसत नाही. मंगोलियातल्या दरिगंगा भागातल्या अल्तान ओवो या पवित्र डोंगराच्या माथ्यावर बायका जात नाहीत, पायथ्याशी पूजा करतात. बुर्खान खाल्दुनचा माथाही त्यांना वर्ज्य. त्याची कारणं डोंगराच्या धन्याचा, म्हणजे तिथल्या देवतेचा, मान, सोवळं-ओवळं, कुळाची पूजा कुळातल्या पुरुषांनी करायची, अशी दिली जातात. कपड्यांचा उल्लेख त्यात मुळीच नसतो.

शब्दावरून समाज वाचायला निघालं की फसगत कशी होते, त्याचा नमुना याच भाषेत आहे. मंगोलियनमध्ये नामांना लिंग नाही, पण स्वरांना आहे! 'अ', 'ओ' हे पुरुष स्वर, 'ए' स्त्री स्वर. 'उ' दोन आहेत, एक पुरुष आणि एक स्त्री. देवनागरीत ते सारखेच दिसतात. पुरुष आणि स्त्री स्वर एका शब्दात सहसा मिसळत नाहीत, आणि प्रत्ययही शब्द बघून बदलतो: 'उस' (पाणी) पासून 'उसताइ', पण 'बुस'पासून 'बुसतेइ'. म्हणजे पुरुषाच्या अधिकाराची खूण असलेला कमरबंद स्त्री स्वराचा. खुद्द 'एर', म्हणजे पुरुष, हाही स्त्री स्वराचाच. यावरून कोण काय सिद्ध करणार?

सत्तेचा धागा मात्र पक्का आहे. मांचू राजवटीत (चीनचं छिंग घराणं) प्रत्येक 'खोशू'चा, म्हणजे संस्थानासारख्या मुलुखाचा, आपला ओवो (दगडांचा पूजनीय ढीग) असे आणि तिथल्या पूजेचा मान राज्यकर्त्याचा. ओवो हद्दीच्या खुणाही होते. समाजवादी राजवटीने पूजा बंद पाडली. 1995 साली राष्ट्राध्यक्ष ओचिरबात यांनी फर्मान काढून बोग्द खान, बुर्खान खाल्दुन आणि ओत्गोनतेंगेर या तीन डोंगरांची 'तोरीन ताखिल्गा', म्हणजे राज्याची पूजा, पुन्हा सुरू केली. राष्ट्राध्यक्ष स्वतः जातात आणि 1990 नंतरचे सगळे राष्ट्राध्यक्ष पुरुषच. बाई राज्याच्या प्रमुखपदी बसली ती एकदाच, 1953-54 मध्ये, हंगामी म्हणून: सुखबातरीन यांजमा. तेव्हा राज्य डोंगरापुढे वाकतच नव्हतं.

भाषांतर करत असाल तर 'बुसगुइ'ला सरळ 'बाई' किंवा 'तरुणी' म्हणा. कमरबंदाची गोष्ट तळटीपेत.