पोस्टरवरच्या त्या डोंगरावर तू किती वाजता पोचणार?

अरे, यातली कुठली रेस घेऊ असं विचारणारा तुझा मेसेज आणि लिस्ट वाचली आणि मनापासून बरं वाटलं, रोडवरच्या हाफ मॅरेथॉन झाल्यावर आता डोंगरात पळावंसं वाटतंय आणि तेही सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे वेळ तर तू एकदम बरोबर निवडलीयेस. लिस्टमधल्या सगळ्या रेसचे फोटो भारी आहेत, त्यात वादच नाही. पण फोटो बघून पैसे भरू नकोस. आधी एकच विचार कर, की त्या फोटोतल्या जागी मी किती वाजता पोचेन, आणि पोचेन तेव्हा मान वर करून बघण्याइतका जीव माझ्यात उरलेला असेल का. मी गेली कित्येक वर्षं रेस अशाच निवडते आणि पळायला शिकणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते.

तुझ्या लिस्टीत एक शंभर मैलांची पण दिसली, अमेरिकेतली बेअर १००. युटामधल्या लोगनहून सुटते आणि आयडाहोत बेअर लेकच्या काठाला संपते, सप्टेंबरच्या शेवटी असते, अॅस्पेन आणि मेपलची झाडं पानगळीच्या रंगात आलेली असतात. सुंदर आहे, मान्य. पण पहाटे ६ ला स्टार्ट आणि ३६ तासांचा कटऑफ (तेवढ्यात संपवली नाही तर बाद), म्हणजे मधली अख्खी रात्र, जवळजवळ बारा तास अंधार, तू हेडलॅम्पच्या उजेडात पायापुढचे चार फूट बघत चालणार, आजूबाजूला कितीही सोनं पेटलेलं असू दे, तुला काय दिसणार? डोंगर बघायलाच जायचंय ना तुला, मग पहिल्या वर्षी २० ते ३० किलोमीटरची घे. एकाच वीकेंडला तीन-चार अंतरं ठेवणाऱ्या रेस खूप असतात, आणि बऱ्याचदा छोट्या अंतराचा रूटही त्याच सगळ्यात देखण्या डोंगरधारेवरून जातो.

आता अंतराचं. रोडवरून आलेला माणूस नेमका इथेच फसतो. ३० म्हणजे हाफच्या २१ पेक्षा थोडं जास्त असं धरून चालतो, आणि चढ किती आहे ते बघतच नाही. डोंगरवाटांवर पळण्याच्या, म्हणजे ट्रेल रनिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, आयटीआरएचा, एक साधा हिशोब आहे, दर १०० मीटर चढाला १ किलोमीटर जास्तीचा धरायचा. ३० किलोमीटर आणि १८०० मीटर चढ असेल तर ते झाले ४८ किलोमीटरसारखे. आणि ४२ किलोमीटर पण फक्त ४०० मीटर चढ असेल तर ४६. म्हणजे तुझी ती 'छोटी' रेस त्या फुल मॅरेथॉनपेक्षा अवघड निघाली. आणि यात खडकाळपणा धरलेलाच नाही हं. स्कॉटलंडमधल्या ग्लेन को स्कायलाइनसारख्या रेसमध्ये हाताने खडक धरून चढायचे भाग आहेत, खाली मोकळी दरी, तिथे पाय जोरात पळतात की नाही हा मुद्दाच नसतो, कड्यावर वावरायची सवय असावी लागते. फोटो तिचेही अप्रतिमच आहेत.

तर मग करायचं काय. रेसच्या साइटवर जीपीएक्स फाइल, म्हणजे रूटची नकाशा-फाइल, असते ती डाउनलोड करून मॅपवर टाक आणि चढाचा ग्राफ समोर ठेव. मग मागच्या वर्षीचे रिझल्ट उघड. पहिले दहा सोड, ती वेगळी माणसं आहेत. मधल्या आणि शेवटच्या एक-तृतीयांश लोकांचे एड स्टेशनचे (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यांचे) टाइम बघ, ते कुठल्या चेकपॉइंटला किती वाजता होते, आणि डीएनएफ, म्हणजे अर्ध्यात सोडलेले, कितीजण. शेवटची एक-तृतीयांश माणसं जर कटऑफच्या दहा-पंधरा मिनिटं अलीकडे पोचत असतील तर ती रेस तुला पहिल्या वर्षी नको, कारण मग तू सकाळपासून घड्याळाकडेच बघत पळशील, डोंगर राहिला बाजूला. मला विचारशील तर तुझा अंदाजे वेळ आणि कटऑफ यांच्यात निदान दीड-दोन तास मोकळे हवेत. तेवढ्यात तू धारेवर पाच मिनिटं थांबू शकतोस, जॅकेट घालू शकतोस, पोट बिघडलं तर चालत उतरू शकतोस.

तारीख पण नीट बघ, नुसता महिना नको. दिवस सगळ्यात वेगाने लहान होतो तो २२-२३ सप्टेंबरच्या आसपास, आल्प्सच्या अक्षांशावर आठवड्याला वीस मिनिटांहून जास्त उजेड जातो, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीची रेस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीची यात दीड तासाहून जास्त फरक पडतो. रंगांचंही तसंच. रंग वरून खाली उतरत येतो, उंचावरची झाडं आधी पिवळी होतात, दरीतली नंतर. रॉकीजमधले अॅस्पेन सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऐन बहरात असतात, आल्प्समधले लार्च (पानं पिवळी होऊन गळणारी सूचिपर्णी झाडं) मात्र ऑक्टोबरच्या मध्याला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे गेलास तर बर्फ, खडक, तळी सगळं मिळेल पण सोनेरी लार्च नाही मिळणार. रेसच्या पेजवरचा फोटो कुठल्या तारखेचा आहे कुणी सांगत नाही, म्हणून त्याच रेसच्या दिवशी लोकांनी स्वतः काढलेले फोटो शोध. (दक्षिण गोलार्धातली कुठली बघत असशील तर तिकडे हा सीझन मार्च-एप्रिलला येतो, गोंधळू नकोस.)

आणि हवा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, ऐकून घे. दर १००० मीटर वर गेलं की साधारण साडेसहा डिग्री कमी होतात. स्टार्टला १२ डिग्री आहे, छान वाटतंय, टी-शर्टवर सगळे उड्या मारतायत, आणि १५०० मीटर वर धारेवर तेच २ डिग्री झालेलं असतं, त्यात ताशी ४० किलोमीटरचा वारा धरलास तर अंगाला उणे ५ सारखं लागतं, आणि तू घामाने ओला. मी तिथे लोक बघितलेत, बोटं इतकी बधिर की जॅकेटची चेन धरता येत नाही, एनर्जी जेलचं पाकीट दाताने फाडायला जातात तर दातच वाजतायत. जॅकेट बॅगेत असूनही उपयोग नाही मग, ते धारेच्या आधी, झाडी संपते तिथेच घालायचं असतं. २०२१ च्या मे महिन्यात चीनमधल्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या रेसमध्ये अचानक पाऊस, गारा, वारा आला आणि २१ धावपटू दगावले, त्यात अगदी नावाजलेले होते. त्या रेसला विंडप्रूफ जॅकेट सक्तीचं नव्हतं. म्हणून सक्तीच्या सामानाची यादी ज्या रेसची कडक आहे ती मला जास्त आवडते. वॉटरप्रूफ जॅकेट, इमर्जन्सी ब्लँकेट, शिट्टी, हेडलॅम्प, हे मागतायत म्हणजे आयोजकांना त्यांचा डोंगर माहितीये. हवा बिघडली तर पर्यायी रूट काय, हे नियमांत लिहिलंय का तेही वाच, आणि लिहिलेलं नसेल तर मेल टाकून विचार. उत्तर कसं देतात त्यावरून बरंच कळतं.

अजून एक, ओली पानं. या दिवसांत उतारावर पानांचा थर असतो, वरून मऊ दिसतो, आणि खाली झाडाचं मूळ आडवं पडलेलं, साल गेलेलं, साबणासारखं गुळगुळीत. पाय मुळावर तिरका पडला की गेलाच. म्हणून ग्राफवर जंगलातला शेवटचा उतार किती लांब आणि किती खडा आहे ते बघ, कारण तिथे तू थकलेला असणार, मांड्या भरलेल्या असणार. चांगल्या ग्रिपचे बूट आधीपासून वापरात हवेत, आणि पावलं छोटी.

बाकीचं पटकन सांगते. पॉइंट टू पॉइंट (एका जागी सुटून दुसरीकडे संपणारी) असेल तर स्टार्टला नेणारी बस किती वाजता ते बघ, पहाटे साडेतीनला असेल तर झोप गेली. पहिला चढ अरुंद पायवाटेचा आणि हजार माणसं असतील तर अर्धा तास पुढच्याची पाठ बघत चालशील, त्यापेक्षा छोटी रेस बरी. काही ठिकाणी प्रवेश लॉटरीने मिळतो, तेव्हा एकावरच जीव लावू नकोस.

तुझ्या लिस्टमधल्या त्या २६ आणि ३० किलोमीटरवाल्या दोन मला ठीक वाटतायत. दोन्हींच्या जीपीएक्स आणि मागच्या वर्षीचे रिझल्ट काढ, धारेवर तू किती वाजता असशील ते दोन्हींसाठी लिहून पाठव, आणि हो, तुझा चढावरचा तासाचा वेगही लिही, रोडवरचा नको. नसेल माहिती तर या रविवारी कुठलाही सलग चढ पकड, तासभर चाल, किती मीटर चढलास ते बघ. मग आपण बसून ठरवू.

तुझी ताई